नीळ : झुडूप, हौद आणि दादनी

नीळ हें नांव उच्चारतांच आपल्या मनांत दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, पांढऱ्या कपड्यांना देण्याची पूड, जी आज बहुधा कोणत्याहि झुडपापासून होत नाहीं. आणि दुसरी, बंगाल व बिहार येथील रयतेवर गोऱ्या मळेवाल्यांनीं केलेला जुलूम. ही दुसरी स्मृति इतकी बळकट आहे कीं, तिच्यामुळें या झुडपाविषयींच एक समजूत रूढ झाली आहे. हें पीक मुळांतच अभद्र, जमीन नासविणारें आणि शेतकऱ्यास बुडविणारें, असें पुष्कळ लोक मानतात. धर्मशास्त्रांतील कांहीं वचनें पाहिलीं तर ही समजूत इंग्रजी अमलाच्याहि पुष्कळ आधींची आहे, असें दिसतें.

प्रस्तुत लेखाचा हेतु ही समजूत तपासून पाहण्याचा आहे. एकाच झुडपाची लागवड एका प्रांतीं शतकानुशतकें निर्वेध चालली आणि दुसऱ्या प्रांतीं तिच्यापायीं रयतेस बंड करावें लागलें, तर या भेदाचें कारण झुडपांत शोधून चालणार नाहीं. तें दोन प्रश्नांच्या उत्तरांत शोधावें लागेल : पाला भिजविण्याचा हौद कोणाचा होता, आणि पिकावर दादनी, म्हणजे आगाऊ उचल, देणारे एक होते कीं अनेक?

१. झुडूप व त्याचा रंग

आपल्याकडील निळीचें मुख्य झुडूप म्हणजे वनस्पतिशास्त्रांतील इंडिगोफेरा टिंक्टोरिया होय. लिनीअसनें १७५३ सालीं त्यास हें नांव दिलें. या वंशांत सातशेंहून अधिक जाति मोडत असून त्या बहुतेक उष्ण प्रदेशांत वाढतात. झुडूप शिंबावर्गांतील, म्हणजे तूर, ताग व टाकळा यांच्या कुळांतील आहे. उंची साधारण तीन ते सहा फूट. पान संयुक्त, देठाच्या दोहों बाजूंस लहान पर्णिका व टोंकास एक. पानांच्या बगलेंतून निघणाऱ्या मंजरींत बारीक गुलाबी फुलें. आणि त्यामागून सडपातळ, किंचित् वांकड्या शेंगा. परंतु फुलांचा किंवा शेंगांचा रंगाशीं संबंध नाहीं. रंग पानांत असतो आणि तोहि निळ्या रूपानें नव्हे.

पानांत इंडिकन नांवाचें एक रंगहीन द्रव्य असतें. पाला पाण्यांत भिजून आंबूं लागला म्हणजे तें द्रव्य फुटून पाण्यांत उतरतें. तें पाणी दुसऱ्या हौदांत सोडून जोरानें घुसळलें असतां हवेच्या संयोगानें त्यांतून निळा साका तयार होऊन तळाशीं बसतो. साका उकळावयाचा, गाळावयाचा, दाबावयाचा आणि त्याच्या वड्या किंवा गोळे करून वाळवावयाचे, म्हणजे बाजारांतील नीळ तयार झाली. ही नीळ पुन्हा साध्या पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून रंगारी ती चुना व गूळ यांसारख्या पदार्थांबरोबर माठांत आंबवितो. दक्षिणेंत या कामीं टाकळ्याचें बीं वापरीत. अशा माठांत बुडविलेलें कापड बाहेर काढतांना हिरवट पिवळें दिसतें आणि वाऱ्यावर धरतांच पाहतां पाहतां निळें होतें.

या कृतींतील दोन गोष्टी वाचकांनीं पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवाव्यात. पहिली, शंभर मण ओल्या पाल्यांतून पाव ते अर्धा मण नीळ निघाली तर पुष्कळ झालें. दुसरी, कापलेला ओला पाला टिकत नाहीं. तो वेळ न घालवितां हौदांत पडला नाहीं तर रंग जातो. धान्य कणगींत ठेवून शेतकरी भावाची वाट पाहूं शकतो. निळीचा ओला पाला हातीं असलेल्या शेतकऱ्यास ती सोय नाहीं. एवढा अवजड माल लांबच्या बाजारीं नेणेंहि परवडत नाहीं. म्हणून तो सर्वांत जवळच्या हौदाशीं बांधला जातो. आणि तो हौद स्वतःचा नसेल तर भाव ठरविण्याचें सामर्थ्य आपोआप हौदाच्या धन्याकडे जातें. निळीच्या इतिहासांतील बहुतेक प्रसंगांचें बीज या साध्या गोष्टींत आहे.

२. शास्त्रग्रंथांतील नीली

संस्कृत वाङ्मयास हें झुडूप फार जुन्या काळापासून परिचित आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील वार्तिकांत ‘नील’ या शब्दाचें स्त्रीलिंगी रूप वनस्पतीच्या अर्थीं ‘नीली’ असें होतें, असा विशेष सांगितला आहे. अन्यत्र, नीलीनें रंगविलेलें तें ‘नील’, हें रूप साधण्यासाठीं स्वतंत्र प्रत्यय दिला आहे. व्याकरणकारांनीं मुद्दाम नियम करावा इतका हा शब्द व हा व्यवहार लोकांच्या तोंडीं होता. कापडाचा रंग झुडपाच्या नांवावरून ओळखला जात होता, ही गोष्टहि त्यावरून निश्चित होते.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत नीलीचीं पर्यायनामें आलीं आहेत. त्यांतील तीन मननीय आहेत : रञ्जनी, ग्रामीणा आणि द्रोणी. रञ्जनी म्हणजे रंग देणारी, हें उघड आहे. ग्रामीणा म्हणजे गांवची. यावरून नीली ही रानांतून गोळा करावयाची वनस्पति नसून वस्तीजवळची होती, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. द्रोणी म्हणजे डोणी किंवा लांबट पात्र. हें नांव भिजविण्याच्या पात्रावरून आलें असेल, असें सुचतें. परंतु हा केवळ तर्क आहे, त्यावर अधिक भार घालूं नये. रंगाऱ्याच्या माठाचा उल्लेख मात्र तर्काचा विषय नाहीं. पंचतंत्रांतील चण्डरव नांवाचा कोल्हा कुत्र्यांच्या भयानें नीलीच्या भांड्यांत पडून निळा झाला व रानाचा राजा बनला, ही कथा शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. कोल्हा आंत बुडेल एवढें मोठें भांडें गांवांत असणें कथाकारास स्वाभाविक वाटलें, हा त्यांतील ऐतिहासिक अंश होय.

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत आपत्कालीं वैश्यवृत्ति पत्करणाऱ्या ब्राह्मणानें कोणत्या वस्तु विकूं नयेत याची यादी आहे. तींत मद्य व लाख यांच्या जोडीस नीली आहे. पद्यमय आपस्तंबस्मृतींत तर नीलीविषयींच विस्तार आहे. निळीचें वस्त्र नेसून केलेलें स्नान, दान, जप निष्फळ होतात, असें तेथें म्हटलें आहे. इतकेंच नव्हे, ज्या भूमींत नीली पेरली ती बारा वर्षेंपर्यंत अशुचि राहते, असाहि निर्णय आहे. त्याच ठिकाणीं स्त्रियांच्या शय्येवरील वस्त्रास दोष नाहीं असा अपवाद आढळतो, आणि पुढील निबंधकारांनीं लोंकर व रेशीम यांनाहि सूट दिली.

या वचनांचा अर्थ काय करावा? निषेध हा नेहमीं चालू व्यवहाराचा पुरावा असतो. जें कोणी पेरीत नाहीं त्याच्या पेरणीस कोणी बंदी करीत नाहीं. अपवादांची वाढती यादी पाहिली म्हणजे निळीच्या वस्त्राचा मोह समाजास आवरत नव्हता हेंहि दिसतें. निषेधाचें मूळ बहुधा हौदांत आहे. आंबलेल्या पाल्याची दुर्गंधि व त्यांत मरणारे किडे यांमुळें हा धंदा शुचितेच्या कल्पनेशीं विसंगत ठरला असावा. परिणाम असा झाला कीं, रंग सर्वांस हवा, परंतु हौद कोणास नको. हौदाची किळस आली आणि तिचा डाग झुडपास व भूमीस लागला. वस्तूचा दोष व व्यवहाराचा दोष यांची गल्लत येथूनच सुरू झाली, असें आमचें मत आहे.

३. परदेशीं गेलेलें नांव

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत सिंधुमुखावरील बार्बरिकम बंदरांतून निघणाऱ्या मालांत ‘भारतीय काळा रंग’ आला आहे व तो नीळच होय, असें विद्वान् मानतात. त्याच शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें निखाऱ्यावर टाकून खऱ्या निळीची पारख करण्याची रीत दिली आहे; ती पेटतांना जांभळी ज्योत निघते, असें तो म्हणतो. परंतु ती झुडपापासून होते हें त्यास माहीत नव्हतें. बोरूंना चिकटणाऱ्या गाळापासून ती निघते, अशी त्याची समजूत होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें मलबारांतील कोल्लमचें वर्णन करतांना पाला भिजवून नीळ करण्याची कृति दिली, तेव्हां कोठें युरोपाच्या वाचकांस तिची खरी हकीकत समजली.

नांवाचा प्रवास याहून बोलका आहे. संस्कृत ‘नीली’वरून फारशी व अरबी ‘नील’ आलें. अरबी उपपद जोडून ‘अन्नील’ झालें. आणि तेंच पोर्तुगीजांच्या मुखीं ‘अनिल’ होऊन पुन्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागलें. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधिविषयक संवादग्रंथांत हिंगाच्या प्रकरणांतच अनिलाचाहि समावेश आहे. पुढें जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं निळीपासून काढलेल्या एका द्रव्यास ‘ॲनिलीन’ म्हटलें, तें याच शब्दावरून. ज्या कृत्रिम रंगांनीं निळीची लागवड संपविली त्यांच्या नांवांत नीलीच बसली आहे.

४. बयाना व सरखेज

मोगल अमलांत निळीचीं दोन केंद्रें प्रसिद्ध होतीं. आग्र्याजवळील बयाना आणि अहमदाबादेजवळील सरखेज. बयान्याची नीळ गोळ्यांच्या रूपानें व सरखेजची चपट्या वड्यांच्या रूपानें विकली जाई. अबुल फज्लनें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत बयान्याच्या उत्तम निळीचा भाव मणास दहा ते बारा रुपये दिला आहे. डच वखारीचा अधिकारी पेल्सार्ट हा आग्र्यास सात वर्षें होता. त्यानें १६२६ च्या सुमारास लिहिलेल्या अहवालांत या लागवडीचें बारकाईनें वर्णन केलें आहे. एका पेरणीचीं तीन पिकें घेत. त्यांपैकीं मधलें सर्वांत उत्तम व शेवटचें अगदीं हलकें गणलें जाई. पाला एका हौदांत रात्रभर भिजवून तें पाणी खालच्या हौदांत घेत व माणसें आंत उतरून तें घुसळीत. हे हौद गांवोगांव होते.

येथेंहि दादनी होती, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. व्यापारी पीक उभें राहण्यापूर्वींच गांवांत उचल वांटून ठेवीत, आणि गरजू शेतकऱ्यास कमी भाव मिळे. सारा रोकड भरावा लागे व त्याचा ताण मोठा होता. सरखेजच्या निळींत वाळूची भेसळ होते, अशी परदेशी वखारवाल्यांची कायमची तक्रार असे. हा काळ सुवर्णयुगाचा नव्हता. परंतु उचल देणारे अनेक होते. मोगल प्रजाजन, आर्मेनियन, इराणी, डच, इंग्रज हे सर्व एकाच गांवच्या निळीसाठीं एकमेकांवर चढाओढ करीत. त्यांपैकीं कोणीहि त्या गांवचा जमीनदार नव्हता किंवा न्यायाधीशहि नव्हता.

ही चढाओढ एकदां बंद करण्यांत आली. १६३३ सालीं शाहजहाननें निळीच्या खरेदीचा मक्ता मनोहरदास नांवाच्या व्यापाऱ्यास दिला. खरेदी करणारा एकच राहिल्याबरोबर भाव त्याच्या मुठींत गेला. डच व इंग्रज यांनीं खरेदी थांबविण्याचा आपसांत करार केला. आणि बयाना प्रांतींच्या शेतकऱ्यांनीं झुडपेंच उपटून टाकलीं, असें समकालीन पत्रव्यवहाराच्या आधारें इतिहासकारांनीं दाखविलें आहे. मक्ता फार काळ टिकला नाहीं. या प्रसंगाचें महत्त्व असें कीं, शेतकऱ्यास झुडूप उपटतां आलें. जमीन त्याच्या वहिवाटींत होती आणि दुसरें पीक घेण्यास तो मोकळा होता. सव्वादोनशें वर्षांनीं बंगालांत हेंच करावयास निघालेल्या रयतेची गांठ लाठीवाल्यांशीं पडली.

५. बंगालची नीलकोठी

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय लोकांनीं अमेरिकेच्या बेटांवर व किनाऱ्यावर निळीची लागवड वाढविली. फ्रेंचांच्या सँ-दोमिंग बेटावर व इंग्रजांच्या दक्षिण कॅरोलिनांत ती आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर चाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानें कॅरोलिना इंग्रजांच्या हातची गेली आणि १७९१ सालीं सँ-दोमिंगच्या गुलामांनीं उठाव केला. इंग्लंडांतील कापडगिरण्यांची भूक तर वाढत होती. १७७७ च्या सुमारास लुई बोनो नांवाच्या फ्रेंच मनुष्यानें चंद्रनगराजवळ सुरू केलेल्या लागवडीस ईस्ट इंडिया कंपनीच्या उत्तेजनानें लौकरच विराट स्वरूप आलें. इंग्लंडांत येणाऱ्या निळींत हिंदुस्थानचा वांटा १७८८ सालीं सुमारें शेंकडा ३० होता. तो १८१० पर्यंत शेंकडा ९५ झाला.

बंगालांत लागवडीचे दोन प्रकार होते. ‘निज’ म्हणजे मळेवाल्यानें स्वतः मजूर लावून केलेली, व ‘रयती’ म्हणजे शेतकऱ्याकडून करारानें करून घेतलेली. निज लागवडीस बैल, नांगर व मजूर पाळावे लागत. म्हणून मळेवाल्यांचा सारा भर रयतीवर राहिला. रयत सट्ट्यावर, म्हणजे करारपत्रावर, आंगठा करी आणि बिघ्यामागें सुमारें दोन रुपये उचल घेई. बीं कोठीचें, हौद कोठीचा, पाल्याच्या गड्ड्या मोजण्याची सांखळीहि कोठीची. भाव आधींच ठरलेला. हिशेबांत बियाण्याची, गाडीभाड्याची व कागदाची रक्कम वजा होऊन शेवटीं रयत देणेकरीच राही. तें देणें बापाकडून मुलाकडे जाई. भाताची पेरणी व निळीची पेरणी एकाच हंगामीं आल्यास उत्तम जमीन व पहिला नांगर निळीस द्यावा लागे.

यावर आणखी एक भर पडली. १८३३ च्या सनदेनंतर युरोपीयांस जमीनधारणा मोकळी झाली आणि मळेवाला हाच पुष्कळ ठिकाणीं जमीनदार किंवा इजारदार बनला. १८३० च्या पांचव्या रेग्युलेशननें उचल घेऊन नीळ न पेरणें हा फौजदारी गुन्हा ठरविला होता. तो नियम १८३५ सालीं रद्द झाला, तरी त्यामागील वृत्ति गेली नाहीं. लंडनच्या बाजारीं भाव कोसळला म्हणजे कलकत्त्याच्या पेढ्या बुडत, पेढ्यांच्या कर्जावर उभ्या असलेल्या कोठ्या डळमळत आणि तो सारा भार उतरून शेवटीं सट्ट्यावर आंगठा करणाऱ्याच्या डोक्यावर येई. धनको, जमीनदार, एकमेव गिऱ्हाईक आणि साहेबाचा जातभाई हे चारी एकाच पुरुषांत एकवटले, हें बंगालच्या निळीचें खरें वैशिष्ट्य होय.

१८५९ सालीं नदिया जिल्ह्यांत दिगंबर विश्वास व विष्णुचरण विश्वास यांच्या पुढाकारानें चौगाछा गांवच्या रयतेनें नीळ पेरण्याचें नाकारलें आणि तो वणवा जेसोर, पाबना, राजशाही इकडे पसरला. सरकारनें १८६० सालीं एका हातानें सहा महिन्यांपुरता कायदा करून करारभंग पुन्हा गुन्हा ठरविला आणि दुसऱ्या हातानें चौकशीचें मंडळ नेमलें. सेटन-कार यांच्या अध्यक्षतेखालील त्या मंडळानें रयतेस निळींत फायदा नाहीं व पद्धत जुलमाची आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षीं दीनबंधु मित्र यांचें ‘नीलदर्पण’ नाटक निघालें. त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांस १८६१ सालीं एक महिना कैद व एक हजार रुपये दंड झाला, आणि तो दंड कालीप्रसन्न सिंह यांनीं जागच्या जागीं भरला.

६. दक्षिणेचा पुरावा

दोष झुडपाचा असता तर जेथें जेथें नीळ तेथें तेथें बंड, असें दिसलें असतें. मद्रास इलाख्याचा पुरावा याच्या उलट आहे. कडप्पा, कर्नूल, नेल्लोर व अर्काट या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकांत निळीची लागवड विस्तृत होती आणि तेथील माल यूरोपांत जाई. परंतु तेथें रयतवारी असल्यामुळें सारा सरकारास भरावयाचा, मळेवाल्यास नव्हे. नीळ करण्याचें काम बव्हंशीं देशी लोकांच्या हातीं होतें व लहान लहान हौद गांवांत होते.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथील वाळल्या पाल्याची कृति. दक्षिणेंत पुष्कळ ठिकाणीं पाला कापून उन्हांत वाळवीत, झोडून काड्या वेगळ्या करीत आणि तो साठवून मग सोयीनें भिजवीत. या रीतीनें रंगाचा कस कांहींसा उतरे. दक्षिणेची नीळ बंगालच्या निळीपेक्षां हलकी मानली जाई. परंतु वाळलेला पाला थांबूं शकतो, दुसऱ्या गांवीं जाऊं शकतो, दुसऱ्या गिऱ्हाइकास दाखवितां येतो. ओल्या पाल्यानें जी बेडी पायांत पडते ती उन्हानें सुटली, असें म्हणावयास हरकत नाहीं. कर्जाचे पाश व सावकाराचा तगादा दक्षिणेंतहि होता. परंतु नदिया-जेसोरसारखें निळीचें बंड तेथें झालें नाहीं. माल थोडा हलका, पण शेतकरी थोडा मोकळा, असा हा सौदा होता.

७. पीक गेलें, ओझें राहिलें

बंगालांतून उठलेला हा धंदा बिहारांत अधिक वाढला. चंपारण्यांत तिनकठिया पद्धत होती : वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यांतील तीन कठ्ठे कुळानें कोठीसाठीं निळीस द्यावयाचे. माघ-फाल्गुनांत पेरणी, पावसाळ्याच्या आरंभीं ‘मोरहन’ नांवाची पहिली कापणी व नंतर ‘खूंटी’ नांवाची दुसरी, असा तेथील क्रम असे.

इतक्यांत जर्मनींत आडोल्फ फॉन बायर यानें १८८० सालीं प्रयोगशाळेंत नीळ बनविली आणि १८९७ सालीं बाडिश कंपनीनें ती बाजारांत आणली. जगांतील झाडपाल्याच्या निळीचें उत्पन्न त्या वर्षीं सुमारें १९,००० टन होतें. तें १९१४ पर्यंत सुमारें १,००० टनांवर आलें. मळेवाल्यांनीं जावा-नाताळकडील अधिक कसदार जात आणून पाहिली, शास्त्रज्ञ नेमले. पण उशीर झाला होता.

आतां येथें आमच्या मुद्द्याची कसोटी लागते. जुलूम झुडपाचा असता, तर झुडपाबरोबर तो जावयास पाहिजे होता. घडलें उलटें. नीळ परवडेनाशी झाली तेव्हां मळेवाल्यांनीं ती पेरण्याच्या बंधनांतून मोकळें करण्याबद्दलच कुळांकडून पैसे घेतले. कोठें ‘शरहबेशी’ म्हणून खंड वाढविला, कोठें ‘तावान’ म्हणून एकरकमी भरपाई उकळली. ज्या पिकानें मळेवाल्याचें नुकसान होत होतें तें न पेरण्याची किंमत शेतकऱ्यानें दिली! राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी एप्रिल १९१७ मध्यें चंपारण्यांत गेले व त्यांनीं सहकाऱ्यांसह हजारों कुळांच्या जबान्या घेतल्या, तेव्हां तक्रारींचा मोठा भाग उभ्या निळीविषयीं नसून या वसुलीविषयीं होता. स्लाय यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितींत गांधीजी सभासद होते. समितीच्या शिफारशीवरून तावानाचा शेंकडा २५ भाग परत झाला, वाढविलेला खंड उतरविण्यांत आला आणि १९१८ च्या कायद्यानें तिनकठिया रद्द झाली.

८. भूमीचा दोष

बारा वर्षें अशुचि राहणाऱ्या भूमीविषयीं दोन शब्द लिहिणें आवश्यक आहे. कारण बंगालची रयतहि नीळ जमीन खाते असें म्हणत होती, आणि रयतेचा अनुभव खोटा मानतां येत नाहीं. शिंबावर्गांतील झुडपांच्या मुळांवर गांठी असतात व त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात, हें आतां सर्वमान्य आहे. तुरीनंतर पीक चांगलें येतें तें याचमुळें. मग निळीनें जमीन कां खालावावी?

उत्तर व्यवहारांत आहे. नत्राचा मोठा भाग पाल्यांत जातो, आणि पाला तर सबंध कापून कोठीवर नेला जाई. हौदांतून निघालेला चोथा उत्तम खत होय. बिहारांत त्यास ‘सीत’ म्हणत व त्यास मोठी मागणी असे. परंतु तो चोथा कोठीच्या आवारांत पडे, म्हणून आधीं कोठीच्या जिरातीस, म्हणजे खासगी शेतीस, मिळे. ज्या शेतांतून पाला गेला त्या शेतीं तो परत जात नसे. भाताची उत्तम जमीन व भाताचा हंगाम निळीनें घेतला, मुळें खोल गेलेलीं म्हणून नांगरट जड झाली आणि त्या जमिनीचें खत दुसऱ्याच्या जमिनींत पडलें. अशा स्थितींत कोणतेंहि पीक भूमीस अशुचि करील. शेतकऱ्याचा अनुभव खरा होता. त्या अनुभवाचें कारण मात्र झुडपाच्या मुळांत नव्हतें.

९. उपसंहार

महाराष्ट्रांत निळीस ‘गुळी’ म्हणतात आणि निळीनें कापड रंगविणाऱ्या जातीस ‘निळारी’ किंवा ‘निराळी’ हें नांव आहे. एका रंगावरून एक जात नांवारूपास यावी, एवढा हा व्यवहार आपल्याकडेहि स्थिर होता. परंतु गुळी कोण लावी, हौद पाटलाचा कीं कुणब्याचा, रंगाऱ्यास माल उचलीवर मिळे कीं रोखीनें, या प्रश्नांची उत्तरें जुन्या दफ्तरांतील जमाखर्च, जकातीचीं टिपणें व वतनाचे कागद यांतच शोधावीं लागतील. ज्यांच्या घरीं असे कागद आहेत त्यांनीं हे शब्द दृष्टीस पडतांच त्यांची नक्कल करून ठेवावी. नांव लहान दिसतें, पण त्यावरून खेड्यांतील देण्याघेण्याचा संबंध उलगडतो.

आज जगांत खपणारी बहुतेक नीळ कारखान्यांत होते व ती मुख्यतः जीन्सच्या जाड सुती कापडास लागते. तरीहि झाडाच्या निळीस पुन्हा मागणी येत असून तमिळनाडु व आंध्र येथें तिची लागवड चालू आहे. हें पुनरुज्जीवन स्वागतार्ह आहे. परंतु झुडूप नैसर्गिक आहे एवढ्यावरून तें शेतकऱ्यास हितकारक ठरेल असें मानणें, हें स्मृतिकारांच्या गल्लतीचेंच उलटें रूप होईल. झुडपास पूर्वीं पाप चिकटविलें, आतां पुण्य चिकटवूं नये. वरील इतिहासावरून तीन गोष्टी विचारावयास शिकावें : हौद कोणाचा आहे, पाला घेणारे किती आहेत, आणि हौदांतला चोथा कोणाच्या शेतांत पडतो. बयान्याच्या शेतकऱ्यास झुडूप उपटतां आलें व चंपारण्याच्या कुळास तें न लावण्याचेहि पैसे द्यावे लागले, यांतील अंतर याच तीन प्रश्नांचें आहे.